लंडनात उतरायचे कोठे?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपण साधारणपणे दोन गोष्टींचा विचार करतो : लेखकाने काय पाहिले, आणि ते पाहताना त्याचे व्यक्तिमत्त्व कसे प्रकट झाले. तो रात्री झोपला कोठे, ती जागा त्याला कोणी दिली आणि देणाऱ्याला त्यातून काय हवे होते, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. ते वाङ्मयबाह्य वाटतात. 'उतारा' हा शब्दच मुळी आमच्या विद्यार्थ्यांना आता प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्यामुळे तेवढा ठाऊक असतो. परगावी गेलेल्या माणसाने उतरण्याची जागा हा त्याचा जुना अर्थ त्यांना सांगावा लागतो. आणि तरीही, निदान लंडन या एका राजधानीपुरते पाहिले तर, इकडून गेलेल्या माणसाला कोणते लंडन दिसले हे त्याच्या उताऱ्यावरूनच पुष्कळदा ठरले आहे. थेम्स, वेस्टमिन्स्टर आणि संग्रहालये सर्वांना सारखीच होती. बिऱ्हाड मात्र प्रत्येकाचे वेगळे होते.

या इतिहासाचा आरंभ आपल्या दृष्टीने तरी पेशवाईपासून करावा लागतो. इ. स. १७८१ मध्ये रघुनाथरावांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ लंडनला पोहोचले. त्यांच्याबरोबर मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा करसेटजी होते. पेशवेपदावरील रघुनाथरावांचा दावा मुंबईकरांच्या भरवशावर न सोडता थेट इंग्लंडात मांडावा, हा त्यामागचा हेतू. राजकारण म्हणून त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही. पुढच्याच वर्षी सालबाईचा तह झाला आणि रघुनाथरावांचा प्रश्न कायमचा मिटला. पण या वकिलातीची जी एक हकीकत इंग्रजी चरित्रग्रंथांत टिकून राहिली आहे ती राजकारणाची नाही, राहण्याजेवण्याची आहे. लंडनमध्ये या मंडळींचे फार हाल चालले होते. परक्याच्या हातचे खायचे नाही, परक्याच्या चुलीवर शिजवायचे नाही, स्नानसंध्या चुकवायची नाही, अशा माणसाला त्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत दिवस काढणे अशक्यप्राय होते. हे एडमंड बर्कला समजले, तेव्हा त्याने त्यांना लंडनबाहेर बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतले मोठे काचघर त्यांच्या स्वाधीन केले. उन्हाळा होता. त्या काचघरात हणमंतरावांनी आपला स्वयंपाक वेगळा केला, आपली आन्हिके केली, आणि बर्कचे मित्र त्यांना पाहायला येऊन गेले.

हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. इंग्रज जमीनदाराच्या बागेत परदेशी रोपे थंडीपासून जपण्यासाठी जी काचेची खोली बांधीत, तीत पुण्याच्या राजकारणातला एक वकील सोवळे नेसून बसला आहे. बर्कच्या सौजन्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. यजमानाच्या घरात राहूनही त्याच्या घराबाहेर राहता येईल अशी जागा त्याने शोधली, आणि एवढी समज त्याच्यानंतर शंभर वर्षे फारशी कोणी दाखवली नाही. पण याच काळात बर्क हिंदुस्थानच्या कारभाराच्या चौकशीत गढलेला होता, हेही विसरता येत नाही. कंपनीने ज्यांना छळले ते लोक रानटी नाहीत, त्यांचे आचार, त्यांचे धर्मनियम प्राचीन व आदरणीय आहेत, हे त्याला आपल्या देशबांधवांपुढे सिद्ध करायचे होते. काचघरातला ब्राह्मण हा पाहुणा होता आणि पुरावाही होता.

हणमंतराव परत आल्यावर त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि त्यासाठी सोन्याची योनी घडवून तीतून त्यांचा पुनर्जन्म करविण्यात आला, अशी एक कथा कॅप्टन विल्फर्डने लिहून ठेवली आहे. विल्फर्ड हा पंडितांनी रचलेल्या बनावट संस्कृत आधारांवर फसलेला संशोधक असल्यामुळे त्याच्या प्रत्येक विधानावर विसंबणे बरे नव्हे. पण कथा खरी असो वा रचलेली, तिचा रोख स्पष्ट आहे. स्वतंत्र चूल मांडूनही हणमंतराव सुटले नाहीत. परदेशात कोठे राहिलात याचा हिशेब परतल्यावरही द्यावा लागत होता.

रंगो बापूजींना असे काचघर कोणी दिले नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठविले, आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. १८४० ते १८५३, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, ते तेथे राहिले. प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' या ग्रंथामुळे मराठी वाचकांना ही कथा अपरिचित नाही. परंतु आपण ती नेहमी निष्ठेची कथा म्हणून वाचतो. ती बिऱ्हाडाची कथा म्हणूनही वाचायला हवी. बरोबर गेलेली माणसे परतली. रंगो बापूजी इंग्रजी शिकले, लीडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभेपुढे उभे राहिले, निवेदने छापून वाटीत राहिले. जॉर्ज थॉम्प्सन, जोसेफ ह्यूम यांसारख्या माणसांनी त्यांची बाजू घेतली. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. ज्या धन्याचा वकील म्हणून माणूस आला तो धनी नाही, ज्या गादीसाठी आला ती गादीही नाही, आणि हा माणूस अजून लंडनमध्ये भाडे भरतो आहे. त्यानंतरची पाच वर्षे ते कशासाठी राहिले, याचे उत्तर केवळ निष्ठा या एका शब्दाने संपते असे आम्हांला वाटत नाही. कर्ज झालेला परदेशस्थ मनाला येईल तेव्हा निघू शकत नाही. परतल्यावर चारच वर्षांत १८५७ उजाडले. मुलगा सीतारामला साताऱ्यात मृत्युदंड झाला आणि रंगो बापूजी स्वतः नाहीसे झाले, ते कायमचेच.

वकील आणि सरदार यांच्या नोंदी राहतात. त्याच काळात त्यांच्याहून कितीतरी अधिक संख्येने लंडनला जाणारा आपल्याकडचा माणूस म्हणजे खलाशी. पुढे पी. अँड ओ. कंपनीच्या मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवरचे पुष्कळ खलाशी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान असत आणि खानपानाच्या खात्यात गोवेकर असत. इंग्रज या सर्वांना सरसकट 'लास्कर' म्हणत. बोट लंडनच्या गोदीत लागली की परतीची बोट मिळेपर्यंत यांनी राहायचे कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीमार्फत शॅडवेल भागात त्यांच्यासाठी बराकी चालत, आणि त्यांची अवस्था इतकी वाईट होती की १८१४-१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीला तीत लक्ष घालावे लागले. बराकीबाहेर राहणाऱ्यांना गोदीच्या आसपासच्या लुबाडणाऱ्या खानावळी होत्या, आणि त्याही परवडल्या नाहीत तर रस्ता होता. लंडनची थंडी कोकणातल्या माणसाला काय करीत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

यावर उपाय म्हणून लाइमहाउसमध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर 'स्ट्रेंजर्स होम' ही वास्तू उभी राहिली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्ते १८५६ मध्ये तिची कोनशिला बसली आणि १८५७ मध्ये ती उघडली. हे साल मुद्दाम लक्षात ठेवावे. निधीत पाचशे पौंड महाराजा दुलीपसिंगांचे होते, म्हणजे ज्याचे राज्य आणि ज्याचा कोहिनूर इंग्रजांनी नेला त्याचे. येथे स्वच्छ बिछाना होता, पैसे सुरक्षित ठेवायची सोय होती, परतीची बोट मिळवून देण्याची व्यवस्था होती. आणि त्याबरोबर जोसेफ सॉल्टर हे हिंदुस्थानी भाषा शिकलेले मिशनरीही होते. खलाशाला खुराड्यातून बाहेर काढणे हा एक हेतू, शुभवर्तमान ऐकवणे हा दुसरा, आणि निराधार काळ्या माणसांना लंडनच्या रस्त्यांवरून हलवून पुन्हा बोटीवर चढवणे हा तिसरा. तिन्ही हेतू एकाच छपराखाली सुखाने नांदत होते.

आयांच्या बाबतीत हीच व्यवस्था अधिक उघडी दिसते. मायदेशी परतणारी इंग्रज कुटुंबे प्रवासात मुले सांभाळण्यासाठी हिंदी आया बरोबर नेत आणि लंडनला पोहोचल्यावर कित्येकदा त्यांना वाऱ्यावर सोडीत. त्यांच्यासाठी ऑल्डगेट भागात वसतिगृह होते. १९०० मध्ये ते हॅकनीतील २६, किंग एडवर्ड्स रोड येथे गेले. लंडन सिटी मिशन ते चालवीत असे. तेथील पद्धत मोठी हिशेबी होती. मालकिणीने आयेचे परतीचे तिकीट वसतिगृहाकडे जमा करायचे. वसतिगृहाने हिंदुस्थानकडे निघालेले दुसरे कुटुंब शोधायचे, आणि ते तिकीट व ती आया दोन्ही त्यांच्या हवाली करून मधल्या दिवसांच्या राहण्याजेवण्याचा खर्च वसूल करायचा. त्या बाईने लंडनमध्ये काय पाहिले? तिच्याकडून आपल्याला एकही प्रवासवर्णन मिळालेले नाही. आपल्या वाङ्मयप्रकाराच्या व्याख्येतच तिला जागा नव्हती.

विद्यार्थ्यांचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होतो. १८८८ च्या सप्टेंबरअखेर मोहनदास गांधी लंडनला उतरले ते व्हिक्टोरिया हॉटेलात, आणि तेथले बिल पाहून हबकले. पुढे घरवालीकडे राहून-जेवून पाहिले. पण मांस वर्ज्य करणाऱ्याला काय वाढायचे हे त्या बिचारीलाही कळेना. शेवटी एक खोली, एक शेगडी, सकाळी ओटची लापशी व कोको, आणि दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्स, या टप्प्यावर ते स्थिरावले. हणमंतरावांना बर्कच्या काचघरात जे मिळाले होते तेच इथे भाड्याने मिळाले : स्वतःची चूल.

लँडलेडी हे आपल्या इंग्लंडविषयक लेखनातले हमखास विनोदी पात्र होऊन बसले आहे. तिची काटकसर, तिचे नियम, तिची मांजर. आमचे मत थोडे वेगळे आहे. या सगळ्या इतिहासात जागा देणाऱ्यांपैकी जिला भाड्यापलीकडे काही नको होते अशी बहुधा तीच एक. अर्थात ती पुष्कळदा भाडे घ्यायलाही तयार नसे. रंग पाहून दार लावून घेणाऱ्याही त्याच होत्या.

या बंद दारांतूनच १९०५ चे इंडिया हाउस जन्माला आले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू हे प्रशस्त घर घेऊन सुमारे पंचवीस हिंदी विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय केली. १ जुलै १९०५ रोजी समाजवादी नेते हाइंडमन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढच्या वर्षी टिळकांच्या शिफारशीने श्यामजींची शिष्यवृत्ती मिळवून विनायक दामोदर सावरकर तेथे राहायला आले. सेनापती बापटही या घरातले. इंडिया हाउसचा इतिहास आपण क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण आधी ते वसतिगृह होते. एरवी लंडनभर विखुरलेल्या खोल्यांत एकेकटे राहिले असते असे मराठी, बंगाली, पंजाबी, तमिळ तरुण एका पंगतीत जेवायला बसले, ही गोष्ट त्या घराने आधी घडवली. राजकारण त्या पंगतीतून उठले. १८५७ च्या उठावावरचा सावरकरांचा मराठी ग्रंथ याच घरात लिहिला गेला. दिवसा इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात इंग्रजांचेच कागद वाचायचे आणि रात्री हायगेटला येऊन लिहायचे, ही दिनचर्या एखाद्या नियम दाखवणाऱ्या घरवालीच्या मागच्या खोलीत जमली असती का, याची आम्हांला शंका आहे.

काही वर्षांपूर्वी ब्रिटिश लायब्ररीत महिनाभर वाचन करण्यासाठी आम्ही दोघे सहकारी लंडनला गेलो, तेव्हा एका रविवारी आर्चवे स्थानकावर उतरून हायगेटचा चढ चढलो. विटांचे उंच खाजगी घर. १९८५ मध्ये बसवलेली निळी पाटी. आत कोणी राहते आहे याची खूण म्हणून खिडकीत कुंड्या. दोन मिनिटे पदपथावर उभे राहिलो, तर शेजारच्या वृद्ध बाईंनी अगदी सहजपणे, "तुम्हीही पाटी बघायला आलात का?" असे विचारले. आमचा स्वतःचा मुक्काम उन्हाळ्याच्या सुटीत रिकाम्या झालेल्या विद्यार्थी-निवासात होता. ब्लूम्सबरीत चालत जाण्याच्या अंतरावर खिशाला झेपेल अशी जागा हवी असेल तर प्राध्यापकाला आजही हाच मार्ग बरा. आठ खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर होते, आणि फडताळाच्या एकेका खणावर ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी.

इंडिया हाउसला सरकारचे उत्तर काय होते, हा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली १९०७ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो लिटन समितीच्या अहवालाला जोडून १९२२ मध्ये बाहेर आला. पण त्या चौकशीच्या परिणामी १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी निघाली आणि पुढे साउथ केन्सिंग्टनमध्ये २१, क्रॉमवेल रोड येथे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तात्पुरत्या मुक्कामाची सोय झाली. एक क्रॉमवेल अव्हेन्यू, दुसरा क्रॉमवेल रोड. राजाचा शिरच्छेद करविणाऱ्या माणसाचे नाव दोन्ही पत्त्यांत यावे, हा निव्वळ योगायोग. पण मोठा मार्मिक. पहिल्या घरात राहणाऱ्यावर पोलिसांचा डोळा असे, दुसऱ्या घरात राहणाऱ्याला आपल्यावर डोळा आहे असा संशय असे. 

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. त्यानंतर इंडिया हाउस टिकणे शक्यच नव्हते. सावरकरांना जागा मिळेना. काही दिवस बिपिनचंद्र पालांच्या घरी, तेथेही लोक चालून आल्यावर दुसरीकडे, आणि पुढे रेड लायन पॅसेजमधील एका लहानशा हिंदी खानावळीच्या वरच्या खोलीत, अशी त्यांची बिऱ्हाडे बदलत गेली. डेव्हिड गार्नेट या इंग्रज लेखकाने आपल्या आठवणींत त्यांना त्या खोलीत पाहिल्याचे लिहिले आहे. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतताना व्हिक्टोरिया स्थानकावरच त्यांना अटक झाली.

दहा वर्षांनी, १९२० मध्ये, बाबासाहेब आंबेडकर अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला आले. चरित्रकारांनी त्यांच्या तेव्हाच्या आहाराचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही : घरवालीने दिलेला पावाचा तुकडा, मासळीची कापटी, बॉव्हरिलचा पेला, आणि रात्री भूक आवरेना तेव्हा पत्र्यावर भाजलेले पापड. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. हणमंतरावांना परक्याचा स्पर्श नको म्हणून वेगळी जागा हवी होती. आंबेडकरांचा अनुभव नेमका उलट्या बाजूचा होता. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना कोणी जागा दिली नाही, नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. लंडनची घरवाली कंजूष होती, पण तिने त्यांची जात विचारली नाही. 'प्रवास' आणि 'मुक्काम' हे शब्द सर्व मराठी लेखकांना एकाच अर्थाने लागू पडतात असे गृहीत धरून जी समीक्षा लिहिली जाते, तिने बडोदा व लंडन हे दोन मुक्काम शेजारी ठेवून पाहावेत.

लंडन रंग विचारीत होते, हे मात्र खरेच. १९२० साली के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने वाय. एम. सी. ए. चे हिंदी विद्यार्थी वसतिगृह निघाले, ते या गरजेतूनच. महायुद्धात त्याच्या इमारतीवर बॉम्ब पडले. युद्धानंतर फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये नवी वास्तू उभी राहिली आणि ती अजून चालू आहे. १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचा विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला रसेल स्क्वेअरमधील इंपीरियल हॉटेलने आरक्षण असूनही राहू दिले नाही; तो न्यायालयात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींत 'काळ्यांना नाही' असे लिहिणे बेकायदा ठरायला १९६८ चा कायदा यावा लागला. त्याआधीच्या १९६५ च्या वंशसंबंधविषयक कायद्यात घरभाड्याचा विषय नव्हताच. पन्नास-साठच्या दशकांत तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना मराठी माणसाचाच पत्ता खिशात घालून निघावे लागे, याचे कारण केवळ पुरणपोळीची ओढ नव्हे.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले. पण संग्रहालयासाठी लागणारी रीतसर परवानगी कॅम्डनच्या नगरपरिषदेने नाकारली. आक्षेप असा की घराचे संग्रहालय केल्याने त्या भागातली राहण्याची जागा कमी होते. प्रकरण अपिलात गेले, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. आता त्या घरात त्यांची खोली मांडून ठेवलेली आहे : टेबल, चष्मा, पुस्तके, बिछाना. पाहायला कोणालाही जाता येते. मुक्काम मात्र कोणालाच करता येत नाही.